कर्बोदकांची प्रत आणि वृद्धांच्या आतड्यातील जिवाणू

आहारात कर्बोदके किती, यापेक्षा ती कोणत्या रूपात पोटात जातात, किती वेगाने पचतात आणि त्यांतली किती न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात, यावर त्यांची प्रत ठरते. साखर, साबुदाणा, मैदा, ज्वारी आणि मटकी यांतून मिळतात ती कर्बोदकेच. पण रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि आतड्यातील जिवाणू यांच्या हिशेबात ती एका जातीची नव्हेत. साठीनंतर हा फरक अधिक जाणवतो.

मोजमाप : टोराँटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक इंडेक्सची मोजपट्टी मांडली. ५० ग्रॅम कर्बोदके देणारा पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांत रक्तातील साखर किती चढते, हे ग्लुकोजला १०० मानून त्यात मोजतात. पट्टी उपयोगी आहे, पण ती दोन तासांनी थांबते. न पचलेल्या भागाचे पुढे काय होते, हे तिला दिसत नाही. स्पेनमधील नावारा विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे वापरलेला निर्देशांक चार गोष्टी एकत्र पाहतो : एकूण चोथा, ग्लायसेमिक इंडेक्स, एकूण धान्यात अख्ख्या धान्याचा वाटा, आणि द्रवाऐवजी घन पदार्थांतून येणाऱ्या कर्बोदकांचा वाटा. शेवटची बाब आपल्याकडे हमखास निसटते. दिवसाकाठी चार कप गोड चहा घेणाऱ्याला ‘काय खाता’ विचारले, तर तो चहा सांगतच नाही.

चोथ्याचे कार्य : ‘चोथा’ या शब्दाला टाकाऊपणाचा वास आहे, आणि पोषणशास्त्रानेही तो बराच काळ टाकाऊच मानला. युगांडात काम केलेले आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७० च्या दशकात त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९८२ मध्ये केंब्रिज येथे हान्स एंग्लिस्ट व सहकाऱ्यांनी दाखवले, की काही स्टार्चही लहान आतड्यात पचनाला दाद देत नाही. याला रोधी स्टार्च म्हणतात. त्याची एक तऱ्हा घरोघरी दिसते. गरम भाताचे शीत बोटाने सहज चिरडते. तोच भात रात्रभर गार राहिला, की शीत सुटे आणि टणक होते. शिजताना विस्कटलेल्या अमायलोजच्या साखळ्या थंडाव्यात पुन्हा घट्ट जुळतात आणि पाचक विकरांना सहजी तुटत नाहीत. (भात गार करायचा तो फ्रिजमध्ये, ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस वाढतो आणि त्याचे विष परत तापवूनही जात नाही.)

मोठ्या आतड्यात रुमिनोकोकस ब्रोमाय हा जिवाणू अशा स्टार्चला पहिला सुरुंग लावतो. सुटलेले तुकडे इतर जिवाणू वाटून घेतात, आणि फिकॅलीबॅक्टेरियम, रोझबुरिया वगैरे मंडळी ब्युटिरेट हे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन तेच. सोबत अ‍ॅसिटेट आणि प्रोपिओनेटही बनतात. ही आम्ले जीएलपी-१ सारख्या संप्रेरकांचा स्राव वाढवतात आणि अस्तर शाबूत राखायला मदत करतात. चोथा मिळाला नाही, तर काही जिवाणू अस्तरावरचा श्लेष्माच खाऊ लागतात, असे २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दिसले.

वार्धक्यात : दात पडतात, कवळी टोचते आणि भाकरी सुटते. ताटात मऊ भात, रव्याची खीर आणि चहात बुडवलेली बिस्किटे उरतात. मऊ असणे हा दोष नाही. नाचणीची आंबील, आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, घोटलेली मुगाची उसळही मऊच असते. आयर्लंडमधील कॉर्क येथे १७८ वृद्धांची पाहणी झाली. तिच्या २०१२ च्या निष्कर्षांनुसार, दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता घरी राहणाऱ्यांपेक्षा कमी होती. तिचा संबंध आहाराशी आणि शारीरिक दुर्बलतेशीही आढळला. वय सर्वांचे उतारच होते, ताटे मात्र निराळी होती. पुढे युरोपातील पाच देशांत ६५ ते ७९ वयाच्या ६१२ जणांचा अभ्यास झाला. वर्षभर भूमध्यसागरी धाटणीचा आहार नीट पाळणाऱ्यांत कमी दुर्बलतेशी नाते असलेले जिवाणू वाढले आणि दाहाचे काही निदर्शक उतरले.

हृदय व चयापचय : न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये १८५ निरीक्षण-अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या. चोथा सर्वाधिक खाणाऱ्यांत एकूण मृत्यू आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू १५ ते ३० टक्के कमी आढळले. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम ही मात्रा पुरेशी दिसली. स्पेनमध्ये ६,८७४ स्थूल, चयापचय बिघडलेल्या प्रौढ-वृद्धांना घेऊन झालेल्या चाचणीत, ज्यांच्या कर्बोदकांची प्रत वर्षभरात सुधारली त्यांचे वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि साखरही सुधारलेली दिसली. अर्थात हा संबंध आहे. कार्यकारणाचा पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही.

कोलेस्टेरॉलची वाट वेगळी आहे. ओट्समधील बीटा-ग्लुकान आणि इसबगोलाचा बुळबुळीत चोथा पित्ताम्ले धरून ठेवतो. ती बाहेर पडली, की नवी बनवायला यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. मात्र चमचाभर इसबगोल पाण्यात पडताच फुगत असला, तरी मोठ्या आतड्यात तो फारसा आंबत नाही. जिवाणूंचे जेवण म्हणून तो उसळींची जागा घेऊ शकत नाही.

खबरदारी : चोथा एकदम वाढवल्यास पोट फुगते, म्हणून तो आठवड्या-आठवड्याने वाढवतात. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्यावा. गिळायला त्रास असणाऱ्यांनी तो टाळावा. बाकीच्यांनी तो इतर औषधांच्या वेळेपासून दूर ठेवावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार पालटल्यावर मात्रा पुन्हा तपासून घ्यावी लागते.