बूट पॉलिश (व्यवसाय)

बूट पॉलिश म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्याची चामडी पादत्राणे स्वच्छ करणे व त्यांवर रंगयुक्त मेण चढवून ती चकचकीत करून देणे. रेल्वेस्थानके, बसस्थानके, न्यायालये, कचेऱ्यांची आवारे व बाजारपेठांतील चौक ही या व्यवसायाची नेहमीची ठिकाणे होत. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने वऱ्हाडातील, म्हणजे अमरावती, अकोला व लगतच्या भागातील, या व्यवसायाचा परिचय दिला आहे.

इतिहास

पारंपरिक गावगाड्यात चर्मकार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. विहिरीवरील मोट, वहाणा आणि शेतीला लागणाऱ्या चामडी वस्तू तयार करणे व त्यांची दुरुस्ती करणे हे त्याचे काम असे. त्याबद्दल सुगीच्या वेळी त्याला धान्याच्या रूपात बलुते मिळे. या व्यवस्थेत पॉलिशला स्थान नव्हते. वहाणा मऊ राहाव्यात म्हणून त्यांना तेल लावीत. चकाकी हा त्यांचा गुण मानला जात नसे.

बूट वऱ्हाडात आले ते मुख्यतः छावणी, रेल्वे आणि कचेरी यांच्या मार्गाने. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. एलिचपूरजवळ (आजचे अचलपूर) परतवाडा येथे लष्करी छावणी होती. अकोला व बडनेरा या स्थानकांवरून जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडी कापसाला मोठी मागणी आली व अमरावती, अकोला, खामगाव येथील बाजारपेठा वाढल्या. शिपाई, रेल्वे कर्मचारी, वकील, कारकून व व्यापारी यांच्या पायांत बूट दिसू लागले. त्यांची निगा राखण्याचे काम शहरात आलेल्या चर्मकारांकडे आले. धान्याऐवजी रोख पैसा आणि ओळखीच्या कुळाऐवजी अनोळखी गिऱ्हाईक, हा बदल या व्यवसायाने घडवला.

हा व्यवसाय जगभर आढळतो. लुई दागेर याने १८३८ मध्ये टिपलेल्या पॅरिसमधील रस्त्याच्या छायाचित्रात एक मनुष्य बूट साफ करून घेताना दिसतो. वर्दळीतील इतर माणसे चालत असल्यामुळे दीर्घकाळ चाललेल्या त्या चित्रणात उमटलीच नाहीत. हा मात्र एका जागी उभा राहिल्यामुळे उमटला. मनुष्याकृती दिसणाऱ्या अगदी आरंभीच्या छायाचित्रांत त्याची गणना होते. तयार डबीबंद पॉलिशांपैकी ‘किवी’ हे १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे विल्यम रॅमसे याने बाजारात आणले. भारतात ‘चेरी ब्लॉसम’ हे नावही घरोघरी परिचित आहे.

साहित्य व पद्धत

लाकडी पेटी, काळी, तपकिरी व रंगहीन पॉलिशची डबी, पॉलिश लावण्याचा लहान ब्रश, घासण्याचा मोठा ब्रश आणि मऊ फडके एवढे साहित्य पुरते. पेटीत सामान राहते व तिच्यावर गिऱ्हाईक पाय ठेवते. पेटीवर ब्रशाने टकटक करून गिऱ्हाइकाचे लक्ष वेधण्याची पद्धत सर्वत्र आढळते.

प्रथम बुटावरील धूळ व चिखल काढतात. नंतर पॉलिशचा पातळ थर सर्वत्र लावून तो थोडा सुकू देतात. पॉलिशमध्ये मेण, रंग आणि टर्पेंटाइनसारखे द्रावक असते. द्रावक उडून गेले की मेण चामड्यावर राहते व बारीक छिद्रे आणि ओरखडे भरून निघतात. ब्रश जोराने फिरवल्यावर घर्षणाच्या उष्णतेने मेण मऊ होऊन सारखे पसरते. गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो, तीच चकाकी. शेवटी फडके दोन्ही हातांत ताणून फिरवतात. थर जाड दिल्यास चकाकी वाढण्याऐवजी मंदावते. लव असलेल्या चामड्याला व कापडी बुटांना ही पद्धत चालत नाही.

वऱ्हाडातील स्वरूप

अमरावती व अकोल्यात केवळ पॉलिशवर निर्वाह करणारे थोडे. बहुतेक कारागीर चप्पल-बूट शिवणे, टाच बसवणे, खिळे मारणे ही कामेही करतात. त्यामुळे ब्रशाबरोबर रापी, आरी व हातोडा त्यांच्याजवळ असतोच. पॉलिशला वेळ कमी लागतो, परंतु मोबदलाही कमी मिळतो.

व्यवसायावर ऋतूंचा परिणाम ठळक दिसतो. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. दुपारी रस्ते ओस पडतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट चिखल होतो, लोक चामडी बूट घरी ठेवतात आणि उघड्यावर बसणाऱ्याला जागाच उरत नाही. या दिवसांत दुरुस्तीचे काम आधार देते. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. लग्नसराई व दिवाळी हे मागणीचे काळ होत.

सामाजिक स्थान

चामड्याशी संबंधित कामावर जातिव्यवस्थेने अस्पृश्यतेचा शिक्का मारला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ (१९३६) या निबंधात जात ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे असे प्रतिपादन केले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली; तथापि या कामाकडे पाहण्याची दृष्टी कायद्याइतक्या वेगाने बदलली नाही.

याची दोन उदाहरणे महाराष्ट्रात दिसतात. स्काउट-गाइडच्या ‘खरी कमाई’ उपक्रमात विद्यार्थी श्रम करून पैसे मिळवतात. त्यात बूट पॉलिशचाही समावेश असतो आणि उद्देश श्रमप्रतिष्ठेचा संस्कार हा असतो. उलट, सुशिक्षित बेरोजगार व विविध संघटना ‘बूट पॉलिश आंदोलन’ करतात, तेव्हा हेच काम अवनतीचे प्रतीक म्हणून वापरले जाते. आंदोलकांचा रोष शासनावर असतो, परंतु ज्याचे पोट रोज त्याच कामावर चालते त्याच्या श्रमाचे मोल त्यातून नकळत कमी ठरवले जाते.

बालमजुरी

हाती पेटी घेतलेला मुलगा हे रेल्वे व बसस्थानकांवरील जुने दृश्य आहे. बालकामगार अधिनियम, १९८६ मध्ये २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, कुटुंबाला शाळेच्या वेळेबाहेर केलेल्या मदतीसारखे अपवाद वगळता, मनाई केली. स्वतःची पेटी घेऊन फिरणाऱ्या मुलाला मात्र मालक नसतो. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांना बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके मानले जाते.

कायदे व योजना

संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम) ही राज्य शासनाची संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जातीच्या गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचे स्टॉल दिले जातात. त्यासाठी जागा स्वमालकीची अथवा स्थानिक संस्थेने अधिकृतपणे दिलेली असावी लागते. पदपथावर बसणाऱ्या कारागिरापुढील मुख्य अडचण हीच आहे. ज्याला छपराची सर्वाधिक गरज, त्याच्याच नावे जागा नसते.

पथविक्रेता अधिनियम, २०१४ मध्ये वस्तू विकणाऱ्यांबरोबर रस्त्यावर सेवा देणाऱ्यांचाही समावेश असल्याने सर्वेक्षण व विक्री प्रमाणपत्राचा हक्क या कारागिरांनाही लागू होतो. २०२० च्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत त्यांना प्रारंभी १०,००० रुपयांपर्यंत खेळत्या भांडवलाचे कर्ज देण्याची तरतूद होती.

चित्रपटांतील चित्रण

प्रकाश अरोरा दिग्दर्शित व राज कपूर निर्मित ‘बूट पॉलिश’ (१९५४) या हिंदी चित्रपटात भीक मागण्यास नकार देऊन ब्रश हाती घेणाऱ्या अनाथ भावंडांची कथा आहे. पाऊस सुरू होताच त्यांचा धंदा बुडतो व उपासमार ओढवते. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. यश चोप्रा यांच्या ‘दीवार’ (१९७५) मधील नायक बालपणी बूट पॉलिश करताना फेकलेले पैसे उचलण्यास नकार देतो. व्हित्तोरियो दे सिका यांचा इटालियन चित्रपट ‘शूशाइन’ (१९४६) महायुद्धोत्तर रोममधील अशाच मुलांवर आहे.

सद्यस्थिती

कापडी व कृत्रिम चामड्याच्या बुटांचा वाढता वापर, घरगुती द्रव पॉलिश आणि हॉटेल-कार्यालयांतील यंत्रे यांमुळे मागणी घटली आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गाड्या, शाळा व कचेऱ्या एकदमच बंद झाल्या; फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागू झाली. गिऱ्हाइकांच्या ये-जा करण्यावरच अवलंबून असलेल्या या व्यवसायाला त्याची विशेष झळ बसली. नवी पिढी या कामाकडे क्वचितच वळते. जे कारागीर उरले आहेत, ते मुख्यतः दुरुस्तीच्या कौशल्यावर टिकून आहेत.

हे सुद्धा पहा

चर्मकार • बारा बलुतेदार • संत रोहिदास • बालमजुरी • वऱ्हाड