वाळवंट, मोटार आणि पाणपोई

वैशाखाच्या उन्हात गावातून जाताना कोठे तरी पाणपोई लागते. रांजणाला ओले फडके गुंडाळलेले असते आणि पाणी देणारा मनुष्य वाटसरूला त्याचे नावगाव विचारीत नाही. सोय इतकी साधी की, तिच्यामागे काही व्यवस्था आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही. उन्हाळ्यात लांबचा प्रवास करावयाचा, तोही मोटारीने आणि वाळवंटातून, असे ठरविणारा मनुष्य प्रथम पाहतो ती गाडी. यंत्र दणकट आहे ना, चाके नवी आहेत ना, एवढे झाले की बेत पुरा झाला असे त्याला वाटते. वस्तुतः अशा बेतात गाडीचा क्रम शेवटचा लागतो. हे आम्ही म्हणतो ते अमेरिकेतील एका वाळवंटाच्या इतिहासावरून, आणि त्याचीच हकीकत आज आम्हांला सांगावयाची आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेस रॉकी पर्वत आणि सिएरा नेवाडा या दोन पर्वतांच्या मध्ये एक विस्तीर्ण खोलगट प्रदेश आहे. नेवाडा राज्य बव्हंशी आणि यूटाचा पश्चिम भाग त्यातच येतो. पाऊस अत्यल्प, आणि जे पाणी वाहते ते समुद्राला न मिळता खारट सरोवरांत आटून जाते. कोठे वाळू, कोठे खारवट मैदान. मैदानावर मिठाचा पापुद्रा कडक दिसतो, पण त्याखाली पुष्कळ ठिकाणी ओला चिखल असतो. पूर्व किनाऱ्यावरून कॅलिफोर्नियाला सरळ वाटेने मोटारीने जावयाचे तर हा प्रदेश ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

१९०१ साली अलेक्झांडर विंटन हा मोटारींचा नामांकित कारखानदार स्वतःच्याच कारखान्यातील गाडी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, आणि नेवाडाच्या वाळूत अडकून त्याला तो नाद सोडावा लागला. दोन वर्षांनी, १९०३ साली, होरेशिओ नेल्सन जॅक्सन या डॉक्टराने पन्नास डॉलरांच्या पैजेवर तोच प्रवास हाती घेतला. गाडी विंटनच्याच कारखान्याची होती, सोबतीला क्रॉकर नावाचा एक यंत्रज्ञ होता. परंतु जॅक्सनने वाट बदलली. नेवाडाचे वाळवंट टाळून तो उत्तरेला ऑरेगनकडे वळला, शेकडो मैलांचा फेरा त्याने पत्करला, आणि ६३ दिवसांनी न्यूयॉर्कला पोहोचला. यंत्राच्या जनकाला जे साधले नाही ते एका हौशी डॉक्टरास साधले. त्याला दैवाची साथ होतीच. पण वाळूशी झुंजण्यापेक्षा तिला वळसा घालावा, हा त्याच्या बेताचा भागही लहान नव्हता.

तथापि सगळ्या देशाला कायमचा वळसा घालून चालत नाही. १९१३ साली काही उद्योगपतींनी मिळून न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को असा ‘लिंकन हायवे’ आखला. आखला म्हणजे बांधला असे मात्र नव्हे. नकाशावर रेघ उमटली, ठिकठिकाणी खुणा लागल्या. पण पश्चिमेकडे गेल्यावर तो रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्याच होत्या. या हायवेच्या संस्थेने प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढले. त्याच्या १९१६ सालच्या आवृत्तीत, जेथे पेट्रोल मिळेल तेथे टाकी भरून घ्यावी, पश्चिमेकडे मुक्कामाचे सामान बरोबर बाळगावे, अशा सूचना आहेत. त्यांतील एक सूचना आम्हांला फार मोलाची वाटते. यूटाच्या वाळवंटात फिश स्प्रिंग्ज नावाचे झऱ्यांचे ठिकाण आहे. त्याच्या आसपास गाडी अडली तर वाळलेली झुडपे पेटवावी. तेथे राहणारा शेतकरी धूर पाहून घोडे घेऊन मदतीला येईल, असे त्या पुस्तकात सांगितले होते. मोटारीच्या प्रवासाचे शास्त्र सांगणारे पुस्तक अखेरीस एका मनुष्यावर आणि त्याच्या घोड्यांवर येऊन थांबते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यानंतर, १९१९ च्या उन्हाळ्यात, खुद्द लष्कराने हा प्रवास करावयाचे ठरविले. पहिले महायुद्ध नुकतेच थांबले होते. शत्रूने रेल्वे, पूल, बोगदे उद्ध्वस्त केले आहेत असे गृहीत धरून मोटारींचा तांडा देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेता येतो काय, हे पाहावयाचे होते. चांगल्या रस्त्यांचा प्रचार हाही एक हेतू होता. ७ जुलै रोजी वॉशिंग्टनहून ८१ वाहने आणि सुमारे ३०० माणसे निघाली. तयारीत उणे काहीच नव्हते. दुरुस्तीचे फिरते कारखाने होते, लोहारकामाची गाडी होती, सुट्या भागांची कोठारे होती, फिरती स्वयंपाकघरे होती, पाण्याच्या दोन टाक्या आणि पेट्रोलची एक टाकी होती. एवढा जय्यत बेत त्या काळच्या कोणत्याही खासगी प्रवाशाला स्वप्नातही करता आला नसता.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात हा तांडा सॉल्ट लेक सिटी सोडून पश्चिमेच्या वाळवंटात शिरला. तेथे लिंकन हायवेचा नवा टप्पा बांधावयास घेतला होता, पण तो पुरा झाला नव्हता. जड मालमोटारींच्या भाराने मिठाचा पापुद्रा फुटला आणि जवळजवळ प्रत्येक गाडी चिखलात रुतली. दुपारी दोन वाजल्यापासून मध्यरात्र उलटून जाईपर्यंत सैनिक त्या गाड्या ओढून काढीत होते. इंधन कमी पडले. पाण्यावर पहारा ठेवावा लागला आणि रात्रीसाठी माणशी एकच पेला पाणी मिळाले. पाणी आणावयास शेवटी घोडेच उपयोगी पडले. दोन टाक्या बरोबर होत्या. परंतु टाकी म्हणजे झरा नव्हे, आणि ती ज्या वाटेने न्यावयाची ती वाटच नसेल तर टाकी हेही एक ओझेच होय.

६ सप्टेंबर रोजी, बासष्टाव्या दिवशी, तांडा सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. ३२५१ मैलांच्या या प्रवासात ताशी सरासरी सहा मैलांच्या आसपासच वेग पडला. निम्म्याहून अधिक वाट कच्ची होती. वाटेत ८८ पूल आणि मोऱ्या मोडल्या वा दुरुस्त कराव्या लागल्या, आणि नऊ वाहने कायमची निकामी झाली. माणसे धैर्याची होती, यंत्रेही एकंदरीत टिकली. उणीव होती ती रस्त्याची.

या तांड्यात निरीक्षक म्हणून २८ वर्षांचा एक अधिकारी होता. त्याचे नाव ड्वाइट आयझेनहॉवर. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि जून १९५६ मध्ये त्याने महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१ हजार मैलांचे रस्ते बांधावयाचे आणि खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलावयाचा, असे त्यात ठरले. १९१९ च्या एका प्रवासातून हा कायदा उपजला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. युद्धात पाहिलेल्या जर्मनीच्या रस्त्यांचाही आपल्यावर परिणाम झाला, हे आयझेनहॉवरने स्वतःच सांगितले आहे. शिवाय मोटारींची वाढती संख्या हे कारण होतेच. पण आपल्या आठवणींच्या ग्रंथात त्याने या तांड्याला एक स्वतंत्र प्रकरण दिले, यावरून तो अनुभव मनात किती खोल रुतला होता ते दिसते.

यूटाच्या खारवट मैदानावरून वेंडोव्हरकडे जाणारा रस्ता १९२५ साली खुला झाला. पुढे त्याच दिशेने इंटरस्टेट ८० हा महामार्ग गेला, आणि त्याचा अखेरचा तुकडा १९८६ साली सॉल्ट लेक सिटीजवळ पुरा झाला. फिश स्प्रिंग्जचे झरे मुख्य वाटेपासून दूर राहिले. १९५९ पासून ते पाणपक्ष्यांचे अभयारण्य आहे. आता तेथे धूर पाहून घोडे घेऊन येणारा कोणी नाही.

यात काही हरवले असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. परंतु त्या शेतकऱ्याचा चांगुलपणा ही त्याची स्वतःची इच्छा होती. तो आजारी असता, परगावी गेला असता, तर वाळवंटात अडलेल्या कुटुंबाने काय केले असते? एकाच्या भलेपणावर अवलंबून असलेली सोय सर्वांच्या हक्काची करणे यालाच आम्ही सार्वजनिक काम म्हणतो. आपल्याकडे पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी दूरदूरच्या वाटांवर विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्या आपल्या ओळखीच्या प्रवाशांसाठी नव्हेत. आपण कधी पाहणार नाही अशा माणसाची तहान त्यांनी अगोदर जाणली.

म्हणून उन्हाळ्यात लांबच्या वाटेने निघणाऱ्याने गाडी अवश्य तपासावी, पाणी भरपूर घ्यावे, आणि पुढे कोण राहतो याची चौकशी करून ठेवावी. पण गावात राहणाऱ्यांचेही त्या प्रवासात एक काम असते. आपल्या वेशीवरून जाणाऱ्या परक्या मनुष्याच्या बेतात आपले गाव कोठे बसते, हे आपण एकदा पाहावे. आणि रांजण रिकामा दिसला तर तो भरून ठेवावा.