म्युझियम शिप म्हणजे काय? जुनं जहाज कमी पैशात तरंगतं कसं ठेवतात?

२०१६ मध्ये बजाजची 'व्ही १५' बाईक आली, तेव्हा चर्चा मायलेजची कमी आणि पोलादाची जास्त होती. कारण बाईकमध्ये आयएनएस विक्रांतचा धातू वापरला होता. अनेकांनी ती त्यासाठीच घेतली. पण भारताची पहिली विमानवाहू नौका बाईकच्या टाकीत का पोहोचली?

विक्रांत १९६१ मध्ये नौदलात आली आणि १९९७ मध्ये निवृत्त झाली. नंतर मुंबईत ती म्युझियम म्हणून ठेवली गेली. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून लोकांना वर सोडणं बंद झालं. वाचवण्यासाठी कोर्टात याचिका झाल्या, त्या टिकल्या नाहीत. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना लिलाव झाला आणि दारूखान्यात ती तोडली गेली.

आता दुसरं जहाज बघा. अमेरिकेची 'न्यू जर्सी' ही युद्धनौका १९४२ मध्ये पाण्यात उतरली, म्हणजे विक्रांतच्या सांगाड्यापेक्षा तीन वर्षं आधी. ती आजही कॅम्डेन शहरात डेलावेअर नदीत तरंगतेय, तिकीट काढून बघता येते. ती चालवते एक ना-नफा संस्था, थोडा पगारी स्टाफ आणि भरपूर स्वयंसेवक. असं कसं जमतं, त्यामागचं तंत्रज्ञान काय, ते या लेखात पाहू.

आधी व्याख्या

म्युझियम शिप म्हणजे निवृत्त झालेलं जहाज जपून लोकांना बघायला खुलं करणं. काही जहाजं अजून चालतात. सॅन फ्रान्सिस्कोचं 'जेरेमाया ओ'ब्रायन' हे १९४३ चं मालवाहू जहाज स्वयंसेवकांनी १९९४ मध्ये थेट फ्रान्समधल्या नॉर्मंडीपर्यंत नेलं होतं. 'टायटॅनिक' सिनेमातल्या इंजिनरूमच्या दृश्यांसाठी याच जहाजाचं वाफेचं इंजिन शूट केलं होतं. पण बहुतेक म्युझियम जहाजं धक्क्याला बांधून ठेवलेली असतात. इंजिन बंद, तोफा बंद, फक्त तरंगायचं.

आणि 'फक्त तरंगणं' हेच महागडं काम आहे. इमारतीचं म्युझियम दोन वर्षं बंद ठेवलं तर धूळ साचते. जहाज दोन वर्षं सोडलं तर ते बुडू शकतं.

पैसा येतो वर, लागतो खाली

तिकिटं, शाळेच्या सहली, मुलांची रात्रीची शिबिरं, सिनेमाचं शूटिंग, लग्नाचे हॉल, जुन्या डेकच्या लाकडाचे तुकडे विकणं. कमाई अशी फुटकळ होत राहते आणि ती सगळी डेकवर, लोकांच्या डोळ्यांसमोर. खर्च मात्र पाण्याखालच्या पत्र्यावर. देणगीदाराला तोफ रंगवायला आवडते, त्याच्या नावाची पाटी लागते. टाकी क्रमांक अमुकच्या तळातला गंज खरवडायला कोण पैसे देणार? माझ्या मते म्युझियम शिपचा खरा प्रश्न हाच आहे: जो भाग जहाजाला मारतो, तो कुणालाच दिसत नाही. त्यामुळे खाली सांगितलेलं जवळपास सगळं तंत्रज्ञान एकच काम करतं, न दिसणारं दिसायला लावणं.

न दिसणारं न बघितलं तर काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या बफेलो शहरात आहे. 'द सलिव्हन्स' ही १९४३ ची विनाशिका १९७७ पासून तिथे म्युझियम होती. तळाचा पत्रा पातळ झालाय हे माहीत होतं, लोकवर्गणी चालू होती, पाण्याखाली दुरुस्तीही झाली होती. तरी एप्रिल २०२२ मध्ये एका रात्रीत पाणी शिरलं, ती एका बाजूला कलली आणि बूड तळाला टेकलं. पाणी उथळ होतं म्हणून वाचली. पाणी उपसून, छिद्रं बुजवून तिला पुन्हा सरळ केलं.

एका रात्रीत? हो. गणित करून बघा. पाण्याखाली तीन मीटरवर एक इंच व्यासाचं भोक आहे असं समजा. त्या खोलीवर पाणी सेकंदाला साधारण साडेसात मीटर वेगाने आत येतं. भोकाच्या कडांमुळे प्रवाह थोडा आक्रसतो, तो हिशोब धरला तरी मिनिटाला सुमारे १४० लिटर. संध्याकाळी सातला कुलूप लावून सकाळी सातला उघडलंत, तर आत एक लाख लिटर पाणी. म्हणजे सोसायटीत येणारे दहा मोठे टँकर, एका इंचातून.

पत्रा किती उरलाय? आवाजाला विचारा

पत्र्याची जाडी मोजायची तर तो कापावा लागेल असं वाटतं. तसं करावं लागत नाही. अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज नावाचं हातात मावणारं यंत्र असतं. त्याचा प्रोब पत्र्याला जेल लावून टेकवायचा. तेच तंत्र, जे सोनोग्राफीत वापरतात. ध्वनीलहर पत्र्यातून जाते, पलीकडच्या बाजूवर आपटून परत येते. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर. लहर जाऊन परत यायला ३.४ मायक्रोसेकंद लागले तर पत्रा १० मिलिमीटर. यंत्र फक्त वेळ मोजतं आणि भागाकार करतं.

साधी गेज ऑनलाइन काही हजार रुपयांत मिळतात. पण ती रंगाच्या थरालाही पत्रा समजून जास्त जाडी दाखवू शकतात. एकापाठोपाठ येणारे प्रतिध्वनी मोजून रंग वगळणारी यंत्रं महाग असतात, आणि जुन्या जहाजासाठी तीच लागतात.

एक आकडा मात्र कामाचा नाही. पत्र्यावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीला नंबर द्यायचा आणि दरवर्षी त्याच जागी मोजायचं. मग एका साध्या स्प्रेडशीटमध्ये दिसतं की कुठला पत्रा स्थिर आहे आणि कुठला दरवर्षी झिजतोय. इथे महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. दहा वर्षं न कंटाळता तीच फाइल भरणारा माणूस लागतो. तो मिळणं जास्त कठीण.

गीझरमधला रॉड आणि युद्धनौका

तुमच्या घरच्या स्टोरेज गीझरमध्ये मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. सर्व्हिसवाला तो बदलतो, तेव्हा तो कुरतडल्यासारखा दिसतो. तो रॉड टाकीऐवजी स्वतः झिजत असतो. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून पाण्यात ठेवले की बॅटरी तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू विरघळतो. मग मुद्दाम एक स्वस्त, क्रियाशील धातू जोडायचा आणि त्याला बळी द्यायचा. याला सॅक्रिफिशियल ॲनोड म्हणतात. जहाजाच्या बुडाला असे शेकडो तुकडे लावलेले असतात.

धातू कुठला, हे पाण्यावर ठरतं. समुद्रात जस्त छान चालतं. गोड्या पाण्यात त्याच्यावर थर बसतो आणि ते काम थांबवतं. न्यू जर्सी समुद्रासाठी बनली, पण म्युझियम झाल्यावर नदीत उभी राहिली. म्हणून २०२४ च्या दुरुस्तीत तिचे जस्ताचे ॲनोड काढून ॲल्युमिनियमचे बसवले.

ॲनोड काम करतोय का, हे साध्या मल्टिमीटरवर कळतं. सिल्व्हर क्लोराइडचा एक संदर्भ इलेक्ट्रोड पाण्यात सोडायचा, मीटरची एक वायर त्याला आणि दुसरी जहाजाच्या पोलादाला. समुद्राच्या पाण्यात रीडिंग उणे ८०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून खाली असेल तर पोलाद सुरक्षित. उणे ६०० च्या आसपास असेल तर गंज चालू आहे. हे काम दर महिन्याला कॉलेजचा विद्यार्थीसुद्धा करू शकतो.

इथे एक खाच आहे. जहाजाला धक्क्यावरून वीज दिली की अर्थिंगच्या वायरने जहाज किनाऱ्यावरच्या लोखंडाशी आणि शेजारच्या बोटींशी जोडलं जातं. मग तुमचा ॲनोड सगळ्या धक्क्याचं रक्षण करत बसतो आणि भराभर संपतो. उपाय म्हणजे मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवणं. अर्थिंगची वायर स्वतःच कापून टाकणं हा उपाय नाही, त्याने माणूस मरू शकतो.

पाणी शिरलं तर फोन कसा वाजणार?

हा माझा आवडता भाग, कारण इथे सॉफ्टवेअरवाल्यांचा उपयोग होतो. जहाजाच्या तळाशी जिथे पाणी साचतं त्या जागेला बिल्ज म्हणतात. तिथे फ्लोट स्विच लावतात, अगदी गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच. पाणी चढलं की स्विच चालू, पंप चालू. त्याला ईएसपी-३२ सारखा काही शे रुपयांचा बोर्ड जोडला की मेसेजही जाईल. प्रोजेक्ट म्हणून एका दिवसाचं काम वाटतं.

पण जहाज म्हणजे पोलादाचा डबा. तळात वायफाय पोहोचत नाही, सिमला रेंज नाही. म्हणून सेन्सरपासून वरच्या डेकपर्यंत वायर ओढावी लागते आणि मोडेम वर ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट: वादळात वीज जाते, तेव्हाच पाणी शिरण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हाच पंप आणि राउटर दोन्ही बंद. म्हणजे गरज असते नेमकी त्या रात्री यंत्रणा गप्प.

यावर सर्व्हर सांभाळणारे लोक जी युक्ती वापरतात तीच चालते. 'पाणी आलं' असा मेसेज पाठवायच्या ऐवजी यंत्राने दर दहा मिनिटांनी 'सगळं ठीक' असा मेसेज किनाऱ्यावरच्या सर्व्हरला पाठवायचा. तीन मेसेज आले नाहीत की सर्व्हर फोन करेल. शांतता हाच अलार्म.

आणि फोन कुणाला? व्हॉट्सॲप ग्रुपवर अलर्ट टाकला तर पन्नास जण बघतात, प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. आठवड्यात ग्रुप म्यूट होतो. त्यामुळे आठवड्याची पाळी ठरवायची, पाळीवाल्याचाच फोन वाजेल, त्याने उचलला नाही तर पुढच्याचा.

अजून एक: पंप दिवसात किती मिनिटं चालला ते नोंदवा. रोज चार मिनिटं चालणारा पंप या महिन्यात अकरा मिनिटं चालत असेल, तर अजून काही बुडालेलं नाही, पण कुठेतरी भोक मोठं होतंय.

स्वयंसेवक फुकट नसतात

त्यांना पगार नसतो, एवढंच. विमा, हेल्मेट, हातमोजे, प्रशिक्षण याला पैसे लागतात. जुन्या जहाजात शिशाचा रंग आणि ॲस्बेस्टॉस असतं, त्याला अनोळखी माणसाला हात लावू देता येत नाही. बंद टाकीत तर आणखी धोका. गंज लागताना पोलाद हवेतला ऑक्सिजन खातं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. म्हणून गॅस मीटरने हवा तपासल्याशिवाय आणि बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय आत जायचं नाही, मग झाकण कितीही साधं दिसो.

उलट, काही स्वयंसेवकांची किंमत पैशात होत नाही. ज्या आजोबांनी तो बॉयलर प्रत्यक्ष चालवलाय, त्यांना कुठला व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे माहीत असतं. हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं. त्यांच्याबरोबर मोबाईल घेऊन फिरा, ते बोलतील ते रेकॉर्ड करा, प्रत्येक व्हॉल्व्हला क्यूआर कोड चिकटवून त्या व्हिडिओला जोडा. खर्च स्टिकरचा. पण उशीर करून चालत नाही, त्या पिढीतले लोक आता नव्वदीत आहेत.

ड्राय डॉक: कोट्यवधींचं बिल

सेन्सर कितीही लावले तरी कधी ना कधी जहाज पाण्याबाहेर काढून बूड खरवडून रंगवावंच लागतं. त्याला सुकी गोदी, म्हणजे ड्राय डॉक लागतो. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं.

न्यू जर्सी मार्च २०२४ मध्ये ड्राय डॉकला गेली, तीस वर्षांहून जास्त काळाने. गेली तीही फिलाडेल्फियाच्या त्याच गोदीत, जिथे ती बांधली गेली होती. खर्च सुमारे एक कोटी डॉलर, त्यातले निम्मे राज्य सरकारचे. उरलेल्यासाठी यूट्यूब कामी आलं. जहाजाचा क्युरेटर कित्येक वर्षं साधे व्हिडिओ टाकत होता: या दारामागे काय आहे, संडास कसे चालायचे, पत्रा किती जाड आहे. त्यातून जगभर प्रेक्षक तयार झाले आणि त्यांनी देणग्या दिल्या. गोदीतलं कामही त्यांनी लपवलं नाही. तिकीट लावून लोकांना जहाजाच्या बुडाखालून फिरवलं. डोक्यावर अख्खी युद्धनौका! म्हणजे जो भाग कुणाला दिसत नव्हता म्हणून पैसे मिळत नव्हते, तोच विकायला काढला. जूनमध्ये ती परत कॅम्डेनला आली.

प्रत्येकाला हे जमत नाही. १९१४ ची 'टेक्सास' इतकी गळत होती की ऑगस्ट २०२२ मध्ये गॅल्वेस्टनच्या गोदीत ओढून नेण्याआधी तिच्या बाजूच्या टाक्यांत फुगणारा फोम भरावा लागला. वाटेत बुडू नये म्हणून.

मग पाण्यातच कशाला ठेवायचं?

बरोबर प्रश्न. विशाखापट्टणमला आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी ओढून किनाऱ्यावर आणली आणि काँक्रीटच्या पायावर ठेवली. २००२ पासून लोक ती आतून बघतात, माहिती द्यायला नौदलातले निवृत्त लोक असतात. खाऱ्या वाऱ्याचा गंज आहेच, रंगकाम सुटत नाही. पण रात्री बुडण्याची भीती नाही, ड्राय डॉक नाही. मोठ्या नौकेला हे सोपं नाही. पाणी जहाजाला सगळीकडून उचलून धरतं. जमिनीवर तेच वजन थोड्या टेकूंवर येतं आणि पत्रा तिथे दबतो.

आपल्याकडे विक्रांतनंतर आयएनएस विराटची पाळी आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला सिंधुदुर्गात निवतीजवळ म्युझियम करण्याची ८५२ कोटींची योजना मंजूर केली. ती झाली नाही, आणि सप्टेंबर २०२० मध्ये विराट भंगारासाठी अलंगला गेली. मला वाटतं, आपण सुरुवातच सगळ्यात वरच्या टोकापासून केली. सव्वादोनशे मीटरच्या आसपास लांबीची नौका आणि शेकडो कोटी लागतील अशी योजना. एक छोटी गस्ती बोट, एक गेज, दोन पंप, एक मल्टिमीटर आणि पाळ्या लावून येणारे वीस लोक, एवढ्यावर आपल्या एखाद्या बंदरात कुणी सुरुवात करत असेल तर कमेंटमध्ये सांगा. ती 'सगळं ठीक' वाली सिस्टिम मी लिहून देतो.