टाळू, ग्रहण आणि डोळ्यांच्या खोबणी

गिरगावातल्या फणसवाडीत काय किंवा आणखी कुठे काय, बाळाला न्हाऊ घालणारी बाई टाळू भरते तेव्हा तिच्या बोटांना कवटीतली मऊ जागा लागते. कवटीच्या हाडांमधल्या शिवणी मोकळ्या असतात, म्हणून मेंदूला वाढायला वाव मिळतो. क्वचित एखाद्या बाळात त्या वेळेआधीच सांधल्या जातात. मग डोक्याचा आकार बदलतो, वरचा जबडा मागे राहतो, डोळ्यांच्या खोबणी उथळ होतात आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. पापण्या पुरत्या मिटत नाहीत. डोळा कोरडा पडून दृष्टीच धोक्यात येते.

असे मूल जन्मले की बोट आईकडे वळते. १६ फेब्रुवारी १९८०च्या सूर्यग्रहणात मुंबईचे रस्ते ओस पडले होते. गर्भवतींना तर चिरणे-कापणे वर्ज्य! ते न पाळल्याचे हे फळ, असे आम्ही शिकल्यासवरलेल्यांकडूनही ऐकले आहे.

फ्रान्समध्ये अपेर यांनी १९०६ साली आणि क्रूझाँ यांनी १९१२ साली अशा विकृतींचे वर्णन केले. क्रूझाँ यांच्यापुढे आई आणि मुलगा दोघेही होते. तेव्हा आनुवंशिकता उघड होती. अपेर-विकृतीत मात्र आईवडील बहुधा निर्दोष असतात. मग दोष आला कोठून? १९९४-९५मध्ये दोन्ही विकृतींचे मूळ दहाव्या गुणसूत्रावरील एकाच जनुकात सापडले. १९९६ साली ५७ अपेर-कुटुंबांची तपासणी प्रसिद्ध झाली. प्रत्येक कुटुंबात नवा बदल वडिलांकडून आलेल्या प्रतीत होता! शुक्राणू आयुष्यभर तयार होत राहतात. जनुकांची नक्कल होताना एखादे अक्षर चुकते. यात बापाचाही अपराध नाही, पण आईची सुरी तर मुळीच नव्हे.

शल्यचिकित्सक मात्र जनुकासाठी थांबले नव्हते. हॅरल्ड गिलीझ यांनी मागे राहिलेला चेहरा हाडांसकट पुढे आणल्याची हकीकत १९५० साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. याच गिलीझांकडे शिकलेल्या डॉ. नोशीर अंतिया यांनी पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. खोबणींपर्यंत कवटीच्या आतून पोहोचण्याचे धाडस केले ते पॉल तेसिए यांनी. १९६७ साली रोमच्या परिषदेत त्यांनी आपले रुग्ण मांडले आणि या शस्त्रक्रियेची स्वतंत्र शाखाच सुरू झाली.

आता शिवणी मोकळ्या करण्याची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षातच करतात. टाळू भरताना शिवणीच्या जागी हाडाची उंच कडा हाताला लागली, तर बाळाला लगेच डॉक्टरांना दाखवावे.