बॅटरी बदलली तरी गाडी पुन्हा डिस्चार्ज? चार्जिंगचा फॉल्ट घरच्या घरी असा शोधा

नवी बॅटरी टाकून चार-सहा महिने होत नाहीत तोच सेल्फ मारल्यावर नुसतं टिक-टिक होतं आणि हॉर्न घोगरा वाजतो. मग पुन्हा नवी बॅटरी, पुन्हा तोच खर्च. बऱ्याच वेळा दोष बॅटरीत नसतोच. बॅटरी ही पाण्याची टाकी समजा. टाकीत पाणी येत नसेल किंवा टाकीतून गळत असेल, तर टाकी बदलून काय उपयोग?

इंधन इंजेक्शनच्या गाड्यांना हे दुखणं जास्त जाणवतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांचा कार्बोरेटर गेला. पेट्रोल पंप आणि ईसीयू विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पार बसली तर अशी गाडी किकवरही लवकर दाद देत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचं असेल तर हे महागात पडतं.

चार्जिंग कसं होतं?

इंजिन फिरलं की मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या आतल्या कॉइलमध्ये एसी वीज तयार होते. ती आरआर युनिटमध्ये (रेक्टिफायर-रेग्युलेटर) जाते. हे युनिट एसीचं डीसी करतं आणि व्होल्टेज मर्यादेत ठेवतं. तिथून वायरिंग, कपलर आणि फ्यूजमधून वीज बॅटरीत जाते. म्हणजे तपासायच्या जागा मोजक्याच आहेत: बॅटरी, कॉइल, आरआर युनिट, मधली वायरिंग आणि गाडी बंद असताना होणारी गळती.

तपासायला साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो आणि गल्लीतल्या चार गाड्यांना कामाला येतो.

पायरी १: आधी टर्मिनल बघा

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर धरली असेल तर ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून जुन्या ब्रशने साफ करा. वायर काढताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, मग मायनस. बोल्ट घट्ट करून वरून थोडं व्हॅसलिन लावा. मायनसची वायर चेसीला जिथे जोडली आहे तिथला गंजही घासून काढा. अर्थिंग ढिलं असलं की फॉल्ट कधी दिसतो, कधी गायब होतो.

पायरी २: बॅटरीचा दम तपासा

गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मीटर डीसी २० व्होल्टवर लावा.

- १२.६ किंवा जास्त: बॅटरी भरलेली
- १२.२ च्या आसपास: अर्धी
- १२ च्या खाली: डिस्चार्ज, आधी चार्जरवर लावा

पूर्ण चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच दाखवत असेल, तर सहापैकी एक सेल गेला, बॅटरी बदला. सेल्फ दाबताना व्होल्टेज ९.५ च्या खाली जात असेल तरी बॅटरी कमजोर आहे.

पायरी ३: गाडी चालू करून बघा

मीटर बॅटरीलाच ठेवून गाडी चालू करा, थोडा अॅक्सिलरेटर द्या.

- १३.५ ते १४.५: चार्जिंग ठीक, थेट पायरी ६ ला जा
- १३ च्या खाली: चार्जिंग होत नाही
- १५ च्या वर: आरआर युनिट खराब. अशी गाडी चालवू नका. बॅटरीचं पाणी आटतं, बल्ब उडतात, ईसीयूलाही धोका असतो

एक गोष्ट कधीच करू नका. चालू गाडीची बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग चेक' करायची जुनी सवय सोडा. त्याने व्होल्टेज एकदम उसळतं आणि आरआर किंवा ईसीयू जळू शकतो.

पायरी ४: वायरिंग आणि कपलर

चार्जिंग कमी असेल तर आधी फ्यूज बघा. मग आरआर युनिटचा कपलर काढून बघा. प्लास्टिक वितळलेलं किंवा पिन काळी पडलेली असेल तर चोर सापडला. अशा वेळी नुसती वायर पिळून टेप मारू नका. नवीन पिन आणि कपलर बसवून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पुन्हा तेच.

खात्रीसाठी गाडी चालू ठेवून मीटरची एक सुई आरआरच्या प्लस वायरवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वीज वाटेतच अडते आहे. हँडलजवळ, टाकीखाली वायर घासली आहे का, गोठ्याजवळ उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडली आहे का, तेही बघा.

पायरी ५: कॉइल की आरआर?

बऱ्याच गाड्यांत मॅग्नेट कॉइलमधून एकाच रंगाच्या तीन वायरी येतात. कपलर सोडवा, मीटर एसीवर ठेवा, गाडी चालू करून दोन-दोन वायरींत मोजा. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा आला आणि अॅक्सिलरेटरबरोबर वाढला तर कॉइल चांगली, संशय आरआरवर. एका जोडीत फारच कमी आला तर कॉइल जळाली. गाडी बंद करून कॉइलची कुठलीही वायर आणि इंजिनची बॉडी यांत कंटिन्युटी दाखवली तरी कॉइल गेली. १०० सीसीच्या काही गाड्यांत रचना वेगळी असते, कॉइलचं एक टोक बॉडीलाच असतं. तिथे ही कंटिन्युटीची खूण धरू नका.

शॉर्ट झालेला आरआर कॉइलही जाळू शकतो. म्हणून एक भाग बदलताना दुसराही तपासायला सांगा.

पायरी ६: रात्रीची गळती

चार्जिंग बरोबर, तरी दोन-चार दिवस उभी गाडी बसते? चावी बंद करा, मायनस वायर काढा आणि बॅटरीचा मायनस व वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. या वेळी चावी फिरवू नका, सेल्फ तर मुळीच नको. अलार्म किंवा जीपीएस नसेल तर आकडा जवळपास शून्य हवा. ५० मिलीअँपिअर गळती असेल तर ५ एएचची भरलेली बॅटरी साधारण १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत रिकामी होते. बाहेरून लावलेले एलईडी, हॉर्न, मोबाइल चार्जर एकेक सोडवत जा. शेवटी आरआरचा कपलर काढा. तो काढल्यावर गळती थांबली तर आरआरच दोषी.

पुन्हा होऊ नये म्हणून

- नवी बॅटरी बसवण्याआधी पूर्ण चार्ज करून घ्या. ५ एएचच्या बॅटरीला साधारण अर्धा अँपिअर करंट पुरतो
- पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. बोअरचं पाणी किंवा अॅसिड नको. सीलबंद बॅटरी उघडू नका
- जास्तीचे लाइट हेडलाइटच्या वायरला टाचू नका, रिले आणि वेगळा फ्यूज लावा
- रोज एक-दोन किलोमीटरच फेऱ्या असतील आणि गाडीला किक असेल, तर सकाळी किकनेच चालू करा
- वॉशिंगला प्रेशरचं पाणी कपलर आणि आरआरवर मारू देऊ नका
- जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, त्यात शिसं आणि अॅसिड असतं. दुकानदाराकडे दिली तर नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते

गॅरेजला जाताना हे आकडे कागदावर लिहून न्या. 'बॅटरी बदला' म्हटलं की आधी चालू गाडीवर व्होल्टेज दाखवायला सांगा. बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. बदललेला जुना भागही मागून घ्या.