दिनविशेष : २९ नोव्हेंबर - देवरुखच्या बाया

बाया कर्वे यांचं आज पुण्यस्मरण. २९ नोव्हेंबर १९५० रोजी त्या गेल्या, पंचाऐंशीच्या घरात पोचून.

बाया म्हणजे माहेरची देवरुखची गोदू जोशी. लहानपणीच लग्न झालं आणि काही महिन्यांत वैधव्य. मग केशवपन आणि कोकणातल्या घराचं न संपणारं काम. १८८९मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडलं, तेव्हा भाऊ नरहरपंतांनी धीर केला आणि विशी उलटलेली गोदूबाई तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांच्या गावच्या, मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं.

कर्व्यांच्या संस्थांची थोरवी आपण गातो; त्यांच्या घरातली चूल पेटती ठेवणारी बाई मात्र विसरतो. अण्णांनी, म्हणजे धोंडो कर्व्यांनी, स्वतःची पाच हजारांची विमा पॉलिसी आपल्याच अनाथ बालिकाश्रमाला देऊन टाकली, तेव्हा बाया संतापल्या. मुलांच्या तोंडात काय घालायचं? त्यांचा संताप रास्तच होता. तरीही पुढे त्याच संस्थेसाठी बाया दारोदार वर्गणी मागत फिरल्या.

घरात सावत्र मुलगा रघुनाथ आणि पोटचे शंकर, दिनकर, भास्कर. रघुनाथ म्हणजे 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे र. धों. कर्वे; दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

बायांचं आत्मचरित्र 'माझे पुराण' १९४४मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचं संपादन सूनबाई कावेरी कर्वे यांनी केलं.