वंगण तेलाची श्यानता व तेलदाब, मोटारगाड्यांतील

एंजिनातील भुजादंड व त्याचे धारवे यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते. या फटीत टिकणाऱ्या तेलाच्या पटलावर एंजिनाचे आयुष्य अवलंबून असते. प्रवाहाला होणारा तेलाचा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता (दाटपणा) होय. दाबमापकावर दिसणारा तेलदाब मात्र पंपाने पुरविलेल्या तेलाला मार्गातील फटींतून जाताना होणाऱ्या विरोधाचा निदर्शक असतो. त्या दाबाने भुजादंड तोलला जात नाही.

हा भेद ब्यूचँप टॉवर यांच्या प्रयोगांतून पुढे आला. आगगाडीच्या आसासारख्या धारव्यांचा अभ्यास करताना १८८३ मध्ये त्यांनी धारव्यास पाडलेल्या भोकात लाकडी बूच बसविले. आस फिरू लागताच तेलाने ते बाहेर ढकलले. धारव्यावरील सरासरी भार सु. ७ किग्रॅ./चौ. सेंमी. असताना तेथील तेलाचा दाब १४ किग्रॅ./चौ. सेंमी. पेक्षाही अधिक भरला. फिरणारा आस तेलाला पाचरीप्रमाणे फटीत ओढून हा दाब स्वतःच निर्माण करतो, याची गणिती उपपत्ती ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये मांडली. पंपाचे काम धारव्यास तेल अखंड पुरविणे एवढेच असते.

अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स (एसएई) या संस्थेने १९११ मध्ये तेलांचे श्यानतेनुसार वर्गीकरण सुरू केले. त्यानुसार १००° से. ला ३० श्रेणीच्या तेलाची श्यानता ९·३ ते १२·५, ४० श्रेणीची १२·५ ते १६·३ व ५० श्रेणीची १६·३ ते २१·९ सेंटिस्टोक असते. ‘डब्ल्यू’ अक्षरापूर्वीचा अंक थंडीतील वर्तन दर्शवितो. बहुश्रेणी तेलांत तापमानाबरोबर होणारा श्यानतेतील बदल कमी करणारी बहुवारिके मिसळतात. अशी पूरके बनविणारी लुब्रिझॉल इंडिया ही कंपनी १९६६ मध्ये स्थापन झाली असून तिचा कारखाना ठाणे-बेलापूर पट्ट्यात तुर्भे येथे आहे.

याच परिसरातील मोटारनिर्मितीत या प्रश्नाची बदलती बाजू दिसते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० ही १,०८९ घ. सेंमी. एंजिनाची गाडी तयार होई. चेन्नईजवळील शोलावरम येथील धावपट्टीवर तिची सुधारित रूपे शर्यतींत धावली. १९८५ मध्ये कंपनीने निसान धर्तीच्या १,१७१ घ. सेंमी. एंजिनाची ११८ एनई ही गाडी आणली. प्यूझो कंपनीशी १९९४ मध्ये भागीदारी झाल्यावर कल्याण-डोंबिवली येथील कारखान्यात ३०९ ही गाडी बनू लागली. १९९७ मध्ये प्यूझो कंपनी भागीदारीतून बाहेर पडली. जुन्या, झिजलेल्या एंजिनांत २०डब्ल्यू-५० सारखे दाट तेल घालून दाब वाढविण्याचा प्रघात होता. अशा वेळी मापकावरील आकडा सुधारतो, परंतु धारव्यांची झीज मात्र झाकली जाते. कमी फटीच्या नव्या एंजिनांत तेच तेल गार अवस्थेत दाब-मर्यादक झडपेतून तेलपात्राकडे परतते. त्यामुळे मापकावर भरपूर दाब दिसत असूनही धारव्यांकडे तेल कमी जाते.

शक्तिशाली गाडीत शर्यतीच्या वेळी तेलाचे तापमान १२०° से. पलीकडे जाऊ शकते. वळणावर तेल एका बाजूस सरकून पंपाचे तोंड उघडे पडते व दाब क्षणात कोसळतो. त्यावर तेलपात्रातील अडथळापट्ट्या किंवा कोरडे तेलपात्र (तेल वेगळ्या टाकीत ठेवण्याची रचना) हा उपाय असून नुसते दाट तेल पुरे पडत नाही. १५०° से. ला व तीव्र कर्तनात ३० श्रेणीचे तेल निदान २·९ आणि ५० श्रेणीचे ३·७ मिलिपास्कल-सेकंद श्यानता राखते. निवडीच्या वेळी हा गुण महत्त्वाचा ठरतो.

ठाणे-कल्याण भागात तापमान १०° से. च्या खाली क्वचितच जाते. त्यामुळे येथे ‘डब्ल्यू’पूर्वीच्या अंकापेक्षा नंतरचा अंक अधिक निर्णायक असतो. घोडबंदर मार्गावरील संथ वाहतुकीत तेल तापून मंदगतीस दाब उतरणे स्वाभाविक आहे. निर्मात्याने दिलेल्या किमान मर्यादेपेक्षा तो खाली गेल्यास मात्र तेलाची पातळी, इंधनामुळे आलेला पातळपणा, पंप आणि धारव्यांची झीज यांची क्रमाने तपासणी करणे इष्ट ठरते. तेलाची श्रेणी निर्मात्याच्या शिफारशीनुसारच ठरवावी लागते, कारण ती त्या एंजिनातील फटी, पंप व अपेक्षित तापमान यांचा मेळ घालून निश्चित केलेली असते.